एसटी येईपर्यंत युरोप

कावळा शिवेना. नदीकाठी सुमनच्या दहाव्याचा पिंड ठेवलेला, ऊन डोक्यावर आलेलं, सगळे हात जोडून उभे. पुतण्या म्हणाला, काकांना आम्ही सांभाळू. जाऊ म्हणाली, तुझ्या गाईकडं मी बघते. कावळे झाडावर होते ते झाडावरच राहिले. आणि पारठे मास्तर, जे एरवी अशा वेळी कावळ्याच्या पोटाचं शास्त्र समजावून सांगत, ते गप्प होते. सुमन, त्यांची बायको, गेल्यापासून गप्पच होते.

हा माणूस गप्प बसू शकतो, हे आमच्या हिर्डोशीत कुणाला माहीत नव्हतं.

मास्तर भोरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन गावी आले. घर बरोबर एसटीच्या थांब्यासमोर, माझ्या शेजारी. आमच्याकडं एसटी कमी, तीही तिच्या मर्जीनं येणार. थांब्यावरची माणसं पळून कुठं जातील? मास्तर पडवीत खुर्च्या मांडत, सावलीत या म्हणत, आणि माणूस टेकला की सुरू होत: युरोपात उजेड कसा पसरला.

राजा सांगतो म्हणून नाही, धर्मगुरू सांगतो म्हणून नाही, बुद्धीला पटेल तेच खरं, हा विचार म्हणे पॅरिसच्या दिवाणखान्यांत वाढला. तिथल्या बायका विद्वानांना जेवायला बोलवायच्या आणि कोणी किती बोलायचं ते त्याच ठरवायच्या. मग पुस्तकं निघाली. सरकारनं बंदी घातली, लोकांनी ती चोरून छापली. पुढं राजांनाच त्याचं वेड लागलं. प्रशियाचा राजा बासरी वाजवायचा, त्यानं एक फ्रेंच पंडित वाड्यावरच ठेवून घेतला. दोघांचं भांडण झालं, ते मास्तर असं रंगवत की मला वाटे बांधावरूनच झालं असणार. रशियाच्या राणीनं तर एका पंडिताची सगळी पुस्तकं विकत घेतली आणि त्यालाच सांगितलं, असू दे तुमच्याकडं, वाचा.

एसटी वेळेवर आली तर उजेड पॅरिसातच राहायचा. उशीर झाला की प्रशियात पोचायचा. गाडी घाटात बंद पडली की रशिया. गावात कोणी विचारलं, काल गाडी किती लेट, तर उत्तर यायचं, "रशिया झाला."

मी चौथी शिकलेले. एकदा मी विचारलं, "त्या राणीनं राबणारी माणसं मोकळी केली का मग?"

"नाही केली," मास्तर म्हणाले.

"मंग कसला उजेड त्यो?"

मास्तर इतके खूश झाले, की म्हणाले, "आक्का, तुम्ही पॅरिसात हव्या होतात."

दुसरी खोड म्हणजे, "पुरावा काय?" ओढ्याजवळ भूत दिसलं म्हणा, पुरावा काय. माझे गुडघे दुखतात म्हणा, पुरावा काय. मी एकदा काठी दाखवली, तेव्हा गुडघ्यांचं मान्य केलं.

त्यांना आवरायची एक सुमनच. ती चहाचे कप घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "पुरे." मास्तर अर्ध्या वाक्यात थांबत. दिवाणखान्याच्या मालकिणीचा हुकूम, म्हणत.

सुमन गेली त्या दिवशी गाडी आलीच नाही. सुमन चहा ठेवायला आत गेली. मास्तर पॅरिसातून प्रशियात गेले, प्रशियातून रशियात. लोक कंटाळून पायी निघाले, तरी रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलत होते, कारण आतून 'पुरे' आलं नव्हतं. चहा करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. सुमन गॅसपाशी पडली होती. अंग गार लागलं.

तर नदीकाठी भटजींना परतीची गाडी धरायची होती. त्यांनी दर्भाचा कावळा केला. याच्यानं शिवून घेऊ, शास्त्रात चालतं, म्हणाले. उन्हानं कावलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनी भटजींचा हात धरला.

"थांबू जरा अजून."

"काका, तुमचा तर ह्याच्यावर इश्वास न्हाई," पुतण्या म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाले. "तरी थांबू."

दर्भाचा कावळा मास्तरांच्या हातात देऊन भटजी गेले. मग एकेक करत बाकीचेही गेले. पुतण्या आपली मोटार वळवायला वर गेला. मी गुडघ्यांमुळं बसले होते ती बसूनच राहिले. मास्तर पिंडासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात पॅरिसपासून सांगू लागले. प्रशिया आला. मग रशिया आला. तिथं त्यांनी तोंड गुडघ्यांत घातलं.

मान वर न करता म्हणाले, "आक्का, शिवला का?"

"शिवला."

"तुम्ही बघितलात?"

"ह्या डोळ्यांनी बगितला."

मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नदीपलीकडची म्हैस मला दगड वाटते. ऑपरेशन करा म्हणून वर्षभर मास्तरच माझ्या मागं लागले होते. पण पुरावा काय, असं त्यांनी विचारलं नाही. उठले, दर्भाचा कावळा पाण्यात सोडला आणि मला उठायला हात दिला.

आता ते पुन्हा पडवीत खुर्च्या मांडतात. बोलता बोलता मध्येच थांबतात आणि दाराकडं बघतात. मग आत जाऊन चहा स्वतःच करून आणतात. पुतण्या पुण्याला असतो. त्या घरात मास्तर एकटेच राहतात.