स्वच्छ एकवीस

"ठिपक्यांतला आकडा विचारायचा, एवढंच ना? अगं, बावीस वर्षं आंब्यांवर संशोधन करतोय मी! उत्तरांचा तक्ता कशाला हवा?" असं ऐटीत सांगून मी आमच्या डॉक्टरीणबाईंना, म्हणजे संपदाला, आत पाठवलं आणि तिच्या आलमबागच्या दवाखान्यात रंगांधळे शोधायला बसलो. तिची मदतनीस सुलभा लग्नाला गेली होती, नाहीतर एवढा मान मला कोण देतंय!

पुस्तकाच्या पानावर रंगीत ठिपके, आणि त्यांत स्वच्छ दिसणारा एकवीस.

पहिल्या बाई म्हणाल्या, "चौहत्तर." मी हळहळलो. मागचे आजोबाही, "चौहत्तर, भैया." तासाभरात नऊ जण नापास! आलमबागेत रंगांधळेपणाची साथच आली होती! शोधनिबंधाचं नावसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

दहावा विष्णू, बस ड्रायव्हर. "चौहत्तर," तो छातीठोकपणे म्हणाला.

"विष्णूजी, आपको लाल-हरे का फर्क नहीं दिखता."

तो मटकन बाकावर बसला. "फिर तो नौकरी गई, साहब! बस के सिवा मुझे आता क्या है?" त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू!

तेवढ्यात मलिहाबादचे एक बागवाले म्हणाले, "इक्कीस."

"शाबास! पास!" मी एवढ्या जोरात ओरडलो की संपदा बाहेर आली. तिने माझी यादी पाहिली, मग मला.

"अहो, तुम्हाला किती दिसतात?"

"एकवीस. सगळ्यांना तेच दिसायला हवेत!"

"आहेत चौऱ्याहत्तर. एकवीस रंगांधळ्यांना दिसतात." आणि ती विष्णूकडे वळली, "आपकी आँखें एकदम ठीक हैं. गड़बड़ हमारे साहब की है."

विष्णूने डोळे पुसले आणि मलाच पाणी आणून दिलं. "घबराइए मत साहब, आपको कौन-सी बस चलानी है!"

मला भलतीच धास्ती वाटू लागली होती. "संपदा, तुला हिरवा आवडतो म्हणून दर वाढदिवसाला मी साड्या आणल्या, त्या?"

"संशय होता मला," ती हळूच म्हणाली. "पण दुकानात तास तास घालवून आणता हो तुम्ही. मला आवडतात त्या."

"आज नेसलीस ती तरी हिरवी आहे ना?"

"हिरवीच आहे," ती म्हणाली. इतक्या मायेने म्हणाली, की मला गहिवरून आलं.

तरी मी पडलो संशोधक! खात्री करून घ्यायला सगळ्यांना विचारलं, "मैडम की साड़ी हरी है ना?"

विष्णू खिडकीबाहेर बघू लागला. आजोबांना खोकला आला.

"एकदम हरी है, साहब!" मलिहाबादचे बागवाले म्हणाले.