अप्पांची कंपनी

मुलांनो, आपल्या घरासमोरचे महालिंगअप्पा दुसऱ्या कंपनीचा फोन हातातसुद्धा घेत नसत. कुणी फोटो दाखवायला पुढे केला, तर दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसती मान लांब करत. माजलगावच्या मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान, पण "आपली कंपनी" म्हणाले की समजायचं, फोनची. एकदा पाव्हण्याने दुकानात दुसराच कुठला फोन चार्जिंगला लावला. अप्पा म्हणाले, "लावा, लावा. वीज वाया गेली समजू."

तुम्ही पाठवलेल्या माझ्या फोनला ते "शोकेसचा माल" म्हणाले. ते मला लागलं. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली मी. यांना चर्चा कशी करतात ते दाखवायचं ठरवलं. पट्टी घेऊन कागदावर रकाने आखले. कॅमेरा, बॅटरी, वेग, दुरुस्ती, टिकाऊपणा. दुकानात चहाला जमणाऱ्या मंडळींना बजावलं, "मन मोकळं ठेवायचं. कुणाला मध्येच तोडायचं नाही."

अप्पा बोलू लागले तेव्हा मीच त्यांना घड्याळ दाखवलं.

पाचही रकान्यांत त्यांची कंपनी हरली. "अप्पा, लई मिरवत होता की!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसले. "बाई म्हणतात तर असंल," अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी जुना फोन बदल्यात देऊन माझ्यासारखाच घेऊन आले. मी पेढे वाटले.

परवा ज्वारी आणायला गेले, तर अप्पा घामाघूम. फोन स्पीकरवर, पलीकडे उमापूरची थोरली बहीण. "आक्का, खाली डावीकडं हिरवं चित्र हाय का? न्हाई? थांब, माझ्यात ते कुठं गेलं बघू दे."

मी खुणेनेच विचारलं. ते हळूच म्हणाले, "आक्काला वाचता येत न्हाई. दोघांचे फोन एकाच कंपनीचे होते. मी माझ्यात बघून सांगायचो, ती तेच दाबायची. नातीचे फोटो बघायची."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सांगणारच होतो, बाई. तुमी घड्याळ दाखवलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आक्कांचा आवाज आला, "म्हालिंगा, पयले पटापट सांगायचास. आता काहून येईना रे तुला?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "वय झालं, आक्का," ते म्हणाले. "आता वरचं दाबून बघ. न्हाई? मग त्याच्या खालचं."