बाबांच्या ओव्या मी पुसल्या

कॉम्प्युटरच्या जुन्या डॉस प्रणालीवर माझा हात असा बसलेला, की घाण्याच्या बैलासारखी मी डोळे बांधूनही आज्ञा टाइप केल्या असत्या! १९९६ साली तेच केलं.

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचा कॉम्प्युटर धाड गावच्या वाचनालयाला द्यायचा होता. त्यात दहा वर्षं गावोगावच्या बायांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. दुसरी प्रत कुठेच नाही. त्या ठेवून फक्त गेमचा फोल्डर पुसायचा. कितीसं काम!

गेमच्या फोल्डरात शिरायची आज्ञा दिली, मग सगळं पुसायची. मशीनने विचारलं, नक्की? मी ऐटीत होकार दाबला. त्याच्या वरची ओळ मात्र नंतर वाचली : असा फोल्डर नाही. म्हणजे मी अजून आधीच्याच, ओव्यांच्या फोल्डरात उभी होते!

"काऊन वं, अशी पांढरी काऊन पडली?" आईने विचारलं.

"आई, ओव्या गेल्या."

"कुठी गेल्या?"

मी रिकाम्या पडद्याकडे बोट दाखवलं.

चुलतभाऊ सहदेव जीप घेऊन मशीन न्यायला आला होता. त्याने बुलडाण्याला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. "अक्का, आता कशालेच हात लावू नको!" म्हणत त्याने मला खुर्चीवरून उठवलंच. पुसलेलं परत मिळत होतं; पण प्रत्येक फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर उडालेलं, ते आपण सांगायचं. बाबांनी फाइलला गाणारीचं नाव दिलेलं, इंग्रजी अक्षरांत.

"...ओजर," सहदेव वाचू लागला.

"गोजर! धामणगावची," आई म्हणाली.

"...म्बू?"

"अंबू. आवाज कसा, फुटक्या डब्यावानी!"

"...अत्यभामा."

"सत्यभामा. तिच्या घरी हे चार खेपा गेले. मले म्हनत, ओव्या लंब्या हायेत!"

एकेक करत सगळ्या परत आल्या. माझा श्वासही. शेवटची उरली.

"...अच्छला. काकू, हे तर तुमचंच नाव!"

आई पडद्याजवळ सरकली. "मले तं त्यायनं कधी इचारलंच नाही."

फाइल उघडली. बाबांनी लिहिलं होतं : 'वच्छला. दळण गिरणीत पाठवते. ओव्या मिळाल्या नाहीत. टोमणे मात्र अस्सल, ते खाली दिले आहेत.' एकशे बारा. तारखांसकट!

आईने पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. मी जवळ गेले, तर ती हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"सहदेव, मशीन इथंच राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "अर्धे तं लिवाचेच राहून गेले त्यायचे."

वाचनालयाला ओव्या फ्लॉपीवर गेल्या. फ्लॉपी सहदेवने भरली. तेवढा वेळ मला ओसरीवर बसवलं होतं, आणि दाराला आतून कडी होती.