यायचं कसं त्ये सांगा

किसनआप्पा कुठेही निघाले की जायच्या वाटेची चौकशी कधी करत नसत. चौकशी असायची परतीची. वरवंडला मेहुण्याच्या पोरीचं लग्न असो, नाहीतर शिरूरला दाढ दाखवायला जायचं असो, एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवूनच ते कंडक्टरला विचारत, "मास्तर, परत यायला शेवटची गाडी किती वाजता?" कंडक्टर म्हणायचा, "अहो, आधी जाऊन तर या!" आप्पा चढत, पण बसत दाराशेजारी. लग्नमंडपात चपला काढल्या की त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवत, म्हणजे निघताना वेळ जायला नको.

"जायचं कसं त्ये नगं, यायचं कसं त्ये सांगा," हे त्यांचं पालुपद.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते टूल रूमचे स्टोअरकीपर होते. कुणी पाना न्यायला आलं की रजिस्टर पुढे सरकवून म्हणायचे, "नेताय कवा त्ये मला दिसतंय. आणणार कवा त्ये लिवा." एकदा मॅनेजरसाहेबांनी स्वतः एक मोजपट्टी नेली आणि जेवण झाल्यावर आणून देतो म्हणाले. त्यांनी ताटातला शेवटचा घास उचलला तेव्हा आप्पा टेबलाशेजारी उभे होते. साहेबांना दही खायचं होतं, ते तसंच राहिलं.

मी पर्चेस खात्यात, राहायला शिरूरला. आप्पा कारेगावात, कारखान्यामागे दोन खोल्यांत. मूळचे दौंडकडचे धनगर. लहानपणी मेंढरांमागे पार कोकणापर्यंत पायी गेलेले. पुढे बापाने कळप विकून शेती धरली. घरात ते आणि हौसाकाकू, दोघंच, मूलबाळ नाही. आम्ही कधी गेलो तर काकू हसून चहा ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. "कशा आहात काकू?" याला उत्तर म्हणून पुन्हा हसायच्या. काकू जरा शिष्टच आहेत, असं मी मनातून ठरवून टाकलं होतं.

आणि त्या रिंगा! आप्पा बाहेरगावी मुक्कामाला असले की संध्याकाळी बरोबर साडेसातला फोन गाठत, घरचा नंबर फिरवत, तीन रिंगा होऊ देत आणि ठेवून देत. सुखरूप असल्याची खूण. पोचल्यावर अशी रिंग त्या काळी आम्ही सगळेच द्यायचो. पण आम्ही एकदाच, आप्पा रोज. आणि साडेसात म्हणजे साडेसात. मी म्हणायचो, "आप्पा, दोन शब्द बोला की काकूंशी. एवढा कसला चिक्कूपणा?"

"तीन रिंगा म्हंजी समदं बोलून झालं. त्या आल्याबिगार ती जेवत न्हाई."

यावरही आम्ही हसायचो. आता ते आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही.

कारखान्याचे मालक नॉर्वेचे. एका वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की भारतातल्या सहा जणांना तिकडे बोलवावं आणि त्यांच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर पाच दिवस रानातून पायी हिंडवावं, मधली खाडी आली की छोट्या होडीतून न्यावं. सोबत वाट दाखवणारी एक बाई. यातून माणसं एकमेकांची होतात म्हणे. आप्पांची निवड झाली, कारण बारा वर्षांत स्टोअरमधून एक पाना हरवला नव्हता. माझी झाली, कारण मला इंग्रजी येतं असा सगळ्यांचा समज होता.

बातमी ऐकून आप्पा स्टोअरमधल्या स्टुलावर खाली बसले. "यायचं कसं?" म्हणाले. मी परतीचं तिकीट दाखवलं. त्यांनी ते दोन वेळा वाचलं, जायचं तिकीट बघितलंसुद्धा नाही. मग दुसरी काळजी. "पवायला येत न्हाई मला. त्या होडीचं चित्र हाय का?"

चित्र दाखवलं. लांबुडकी, निमुळती, भेंडीसारखी ती कयाक बघून आप्पांनी घाम पुसला आणि रविवारी वरवंड गाठलं. मेहुण्याचं गुऱ्हाळ होतं. तिथली गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील त्यांनी शेततळ्यात लोटली आणि फळकुटाचं वल्हं घेऊन आत बसले. आमच्याकडे नदीला पूर आला की जुनी माणसं काहिलीतूनच पलीकडे जात, तेव्हा कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. पण काहील गोल. तिला पुढचं मागचं कळत नाही. आप्पा उजवीकडे वल्हं मारत आणि काहील जागच्या जागी गिरक्या घेई. तासाभराने मेहुण्याने दोर टाकून त्यांना ओढून काढलं, तेव्हा ते काठावर आडवे होऊन म्हणाले, "आकाश थांबलं की सांगा."

असे चार रविवार. पाचव्या रविवारी आम्ही विमानात होतो.

आमची वाट दाखवणारी बाई म्हणजे सिग्रिड. तिशीच्या आतली, माझ्याहून वीतभर उंच. आप्पांनी तिला पहिल्या दिवसापासून "ताई" केलं आणि पहिला प्रश्न मला इंग्रजी करायला लावला, "परत याच वाटंनं ना?" ती म्हणाली, नाही, आपण पुढेच जायचं, शेवटच्या दिवशी मोठी बोट येऊन घेऊन जाईल.

आप्पांचा चेहरा उतरला. "आलेल्या वाटंनं मागं फिरायचंच न्हाई? मंग ध्यानात कशी ठिवायची?" तरीही त्यांनी जुनं फडकं फाडून चिंध्या केल्या आणि वळणावळणावर झुडपांना बांधत चालले. सिग्रिड सगळ्यांत मागे राहून एकेक चिंधी सोडून खिशात घालत होती, कारण त्या रानात काही मागे ठेवायचं नाही असा नियम होता. मुक्कामाला तिने चिंध्यांची चवड आप्पांच्या हातात दिली. आप्पा एकदा चिंध्यांकडे आणि एकदा मागच्या डोंगराकडे बघत बसले. रात्री त्यांना झोप लागली नसावी. मलाही लागली नाही. तिथे उन्हाळ्यात अंधार असा पडतच नाही, आणि आप्पांच्या सोबतीला राहून मीसुद्धा आता बोट आली नाही तर काय, याचा विचार करायला लागलो होतो.

चालण्यात मात्र आम्ही पाच जण कुत्र्यासारखे धापा टाकायचो आणि पन्नाशी ओलांडलेले आप्पा दगडांवरून घरच्यासारखे चालायचे. अडचण पाण्याची. दोघांत एक कयाक होती. मी पुढे, आप्पा मागे. दुसऱ्या दिवशी सिग्रिडने होडी पाण्यात लोटली आणि एकदम ओरडली. मी वळून बघतो, तर आप्पा माझ्या पाठीला पाठ लावून, उलट्या दिशेला तोंड करून बसलेले.

"आप्पा, हे काय?"

"निघालेला काठ दिसला पायजे. तुमी फुडं बघा, मी मागं बघतो."

सिग्रिडने त्यांना काखेत धरून उचललं आणि सरळ बसवलं. पण दर दोन वल्ह्यांना मागे वळून बघायचं त्यांनी काही सोडलं नाही, आणि प्रत्येक वेळी आमची कयाक काहिलीसारखी फिरायची.

मोबाइल आमच्यात एकच, कंपनीने दिलेला, माझ्या ताब्यात. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ कारेगावच्या वेळेवरच ठेवलं होतं. आपल्याकडे साडेसात म्हणजे तिथे दुपारचे चार. पहिले दोन दिवस पावणेचारपासून ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या खिशाकडे बघायला लागायचे. चारला तीन रिंगा द्यायचे, फोन बंद करायचे आणि मग त्यांना भूक लागायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका बेटावर होतो. बेटावर फोनला रेंज नव्हती. समोरच्या भूशिरावर होती, मधे कोसभर पाणी. चारच्या आत पलीकडे जायचं ठरलं होतं. तीन वाजता धुकं आलं, आणि असं आलं की शेजारी उभी असलेली होडी दिसेना. सिग्रिड म्हणाली, हे विरल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरायचं नाही.

आप्पांनी घड्याळ बघितलं. सात वाजून पाच मिनिटं. त्यांनी लाइफ जॅकेट अंगावर चढवलं आणि काठावर जाऊन उभे राहिले. सव्वासात. साडेसात. मला त्यांच्याकडे बघवेना. सिग्रिडला मी सांगितलं, यांची बायको रिंग आल्याशिवाय जेवत नाही. तिने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, धुक्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली. तिच्याजवळ वायरलेस होता, पण त्यावरून कारेगाव लागणार नव्हतं.

"ताईला म्हणावं, मला एकल्याला जाऊ दे," आप्पा म्हणाले. ज्या माणसाला पाण्याचा टिपूस बघून घाम फुटायचा, तो हे म्हणत होता. मी चिडलो. खरं तर घाबरलो होतो.

"अहो आप्पा, एक दिवस रिंग उशिरा गेली तर काय बिघडलं? वाजेल तेव्हा ऐकतील. स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येते की!"

आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

पावणेआठला, म्हणजे कारेगावच्या पावणेआठला, धुकं जरा उचललं. पलीकडचा काळा खडक दिसला. सिग्रिडने हात केला आणि ती पुढे, मागे आमची कयाक, असे आम्ही निघालो. त्या दिवशी आप्पांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. मीच दोनदा बघितलं. डोळे त्या खडकावर रोखून ते एकसारखं वल्हं मारत होते आणि होडी सरळ चालली होती.

उतरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. त्यांची बोटं एवढी गारठली होती, की नंबर मी लावून दिला. तीन रिंगा. कापला. कानाशी धरून त्यांनी थोडं थांबून पाहिलं आणि म्हणाले, "पुन्यांदा लावा." पुन्हा तीन. मग म्हणाले, "आजून येकदा." आणि या वेळी फोन कापलाच नाही. वाजू दिला, तो आपोआप बंद पडेपर्यंत.

"उशीर झाला," ते म्हणाले. "आता बसली नसंल ती तिथं."

मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. घरात माणूस बसलं काय, उभं राहिलं काय, रिंग ती रिंगच. त्या संध्याकाळी आप्पा जेवले नाहीत. उरलेले दोन दिवस त्यांनी वेळेवर रिंगा दिल्या, पण काकूंबद्दल एक अक्षर काढलं नाही. घरी पोचल्यावरही त्यांनी काकूंना काही विचारलं नसावं. विचारण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. पोचले, हेच त्यांना पुष्कळ होतं.

दोनेक महिन्यांनी सहलीचे फोटो धुऊन आले. त्या दिवशी आप्पा दौंडला भावाकडे मुक्कामाला गेले होते. म्हटलं, काकूंना तरी देऊन टाकू, आणि सुटी झाल्यावर कारेगावात त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. समोर पाठमोऱ्या हौसाकाकू बसलेल्या. पुढ्यात स्टुलावर तो काळा डबा फोन, आणि काकूंचा उजवा हात, पाचही बोटं पसरून, फोनवर ठेवलेला. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"काकू," मी हाक मारली.

काकू हलल्या नाहीत. मी पुन्हा हाक मारली, चांगली मोठ्याने. शेजारणीने डोकावून बघितलं, पण काकूंनी नाही.

साडेसात झाले. फोन वाजला. एक, दोन, तीन. काकूंची बोटं प्रत्येक वेळी फोनवर जरा घट्ट झाली. वाजायचं थांबलं तसा त्यांनी हात उचलला, पदराने फोन पुसला आणि उठताना त्यांना मी दिसलो.

"आगं बया! कवा आलासा?" त्यांचा आवाज एकदम मोठा होता, कमीजास्त होणारा. पहिल्यांदाच ऐकला मी तो. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "पोचले ते दौंडला."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं असावं. "सात वर्सं झाली, ऐकू येत न्हाई मला. तापात गेलं. लोकं वरडून बोलत्यात त्ये आवडत न्हाई, म्हून ह्येंनी कुनाला कळू दिलं न्हाई. बसा, च्या टाकते."

मला बसवेना. पाकिटातून मी धुक्याचा फोटो काढला, काळ्या खडकापाशी आप्पा उभे होते तो. खुणेने फोन दाखवला, घड्याळ दाखवलं, हात लांब करून उशीर दाखवला. त्या दिवशी काय झालं, एवढंच मला विचारायचं होतं.

काकूंनी फोटो दिव्याखाली धरला.

"त्या दिशी व्हय? लई येळ लावला त्या दिशी. हात बधिर झाला माजा, पर काडला न्हाई. मंग तीन आल्या. पुन्यांदा तीन आल्या. आन् मंग थांबंचना." त्या हसल्या, पण डोळे पुसले. "मला कळलं, ह्ये भ्यालेत. मी बी दुसरा हात ठिवला वरनं. म्हनलं, हाय मी, हाय."

चहा घेतला. कसा घेतला कुणास ठाऊक. निघताना काकू दारापर्यंत आल्या. "शिरूरला पोचला की येक रिंग द्या. तीन त्येंच्या. तुमची येकच."

शिरूरच्या स्टँडवर उतरलो आणि घर गाठेपर्यंत धावतच गेलो. बायको विचारत होती काय झालं म्हणून. मी चपलाही काढल्या नाहीत, नंबर फिरवला आणि एक रिंग होताच ठेवून दिला. तिकडे काकूंनी आता फोनवरचा हात उचलला असेल आणि ताट वाढून घेतलं असेल.