मिस्त्री जिन्याने जातात

लिफ्टमिस्त्रीचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. काकांनीही पन्नाशी पाहिली नाही. मिस्त्री स्वतः सत्तेचाळीसचा आणि अंगाने छडीसारखा, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट पाहून तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हा कुणा जाड्या माणसाचा असेल."

"तुमचाच आहे. वडिलांनी नाक दिलं, तसं कोलेस्टेरॉलही दिलंय. रोज एक गोळी, तळलेलं बंद, आणि अर्धा तास घाम."

"घाम गाळला तर गोळी चुकेल?"

"नाही. स्वकष्टाचं असतं तर घामानं बरंचसं उतरलं असतं. हे वारशाचं आहे. दोन्ही करायचं."

गोळी बायको हातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे. फिरायला मात्र वेळ नव्हता. म्हणून लिफ्टच्या महिन्याच्या तपासणीला एका नऊमजली इमारतीत गेल्यावर मिस्त्री जिन्याने निघाला. चौथ्या मजल्यावर निवृत्त हेडबाईंनी गाठलं.

"जिन्यानं? लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे की, बाई."

"मग?"

दुखणं कळलं तर लिफ्ट कंपनीचे साहेब उंचीवरचं काम काढून घेतील, म्हणून मिस्त्री म्हणाला, "असंच."

बाईंनी पस्तीस वर्षं पोरांचं "असंच" ऐकलं होतं. त्यामागे दर वेळी काहीतरी फुटलेलं निघे. त्यांनी त्या दिवसापासून लिफ्ट सोडली. बाई सोडतात म्हटल्यावर सातव्या मजल्याने सोडली. आठवड्याभरात लिफ्टचा दोर तुटायला आल्याची बातमी नवव्या मजल्यावर पोचली, अर्थात चालत.

शेवटी कंपनीचे साहेब स्वतः आले. खालच्या दारात सगळे जमले होते.

"तू आपल्याच लिफ्टमध्ये बसत नाहीस म्हणे? बस. सगळ्यांसमोर वर जाऊन ये."

मिस्त्री वर जाऊन आला.

"साहेब उभे आहेत म्हणून गेला बिचारा," गर्दीतून कुणी म्हणालं. "घरी बायकापोरं असतील."

खरं सांगितलं तर काम जात होतं, न सांगितलं तर इमारत. मिस्त्रीने निमूटपणे खिशातून रिपोर्ट काढून बाईंना दिला. बाईंनी चष्मा लावला आणि निकाल वाचावा तसं वाचलं, "वाईट कोलेस्टेरॉल, दोनशे चाळीस."

"कितीपैकी?" सातवा मजला म्हणाला.

"यात कमी मिळालेले बरे असतात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी रिपोर्ट मागून घेऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी हळूच विचारलं, "वडील कितव्या वर्षी?"

"अठ्ठेचाळीस."

"माझे बावन्न." साहेबांनी घडी घालून रिपोर्ट परत दिला. "डॉक्टर हो म्हणताहेत तोवर काम तुझंच. ती तपासणी उपाशीपोटी करतात का रे?"

वर्षभराने आकडा एकशे दहावर आला.

"छान. गोळी चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आता बरा आहे तरी?"

"बरे आहात ते तिच्यामुळेच."

मिस्त्री तडक चौथ्या मजल्यावर गेला, अर्थातच जिन्याने, आणि दम न लागता. हेडबाईंनी रिपोर्ट दोनदा तपासला, खाली लाल शाईने 'प्रगती उत्तम' असा शेरा मारला आणि सवयीने शेजारी रेघ ओढून लिहिलं, 'पालकांची सही'. लिहून झाल्यावर त्या ओशाळल्या.

"राहू द्या, बाई," मिस्त्री म्हणाला. त्याने पेन घेतलं आणि रेघेवर स्वतःच सही ठोकली. तीन आठवड्यांपूर्वीच तो आपल्या वडिलांपेक्षा वयाने मोठा झाला होता.