तात्या पाणी वाळवतात

आमच्या इमारतीच्या गच्चीवर बाकीचे पापड वाळवतात, भामरेतात्या पाणी वाळवतात. काचेच्या तुकड्यावर चार थेंब: नळाचा, बोअरचा, मिठाच्या पाण्याचा आणि डिस्टिल्ड पाण्याचा. मग राखण करत बसायचं.

तात्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बॅटरीच्या कारखान्यात होते. निवृत्त झाले, पण ‘खरं काय ते वाळल्यावर कळतं’ हे पालुपद काही निवृत्त झालं नाही.

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. मी तेव्हा तिशीतली, बी.ए. झालेली, म्हणजे मतं भरपूर. स्कूटरच्या बॅटरीत शुद्ध पाणी घालायचं, असं कुणीतरी सांगितलं. आता रामकुंडापेक्षा शुद्ध ते काय? देवघरात भरून ठेवलेलं तिथलं तीर्थ ओतलं, वर नमस्कारही केला. महिन्याभरात ऐन द्वारकेच्या चौकात गाडी बंद. किक मारून मारून चप्पल तुटली.

तात्यांनी बॅटरी उघडली. “वहिनी, हिला चालवायचं होतं की मोक्ष द्यायचा होता?”

आणि मला गच्चीवर नेलं. थेंब वाळले होते. बोअरच्या जागी पांढरं कडं, नळाच्या जागी फिकट डाग, मिठाच्या जागी लुकलुकणारे चौकोनी दाणे. चौथ्या जागी काहीच नाही.

“वाफ वर जाते, क्षार खाली राहतात. ती वाफ गार केली की हे पाणी,” तात्या म्हणाले. मी बोट फिरवलं. काच कोरडी, लख्ख. इतकं निखळ ‘काही नाही’ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीर्थ घेताना कधी आला नाही असा काटा अंगावर आला.

गेल्या महिन्यात लीलावहिनी, तात्यांची बायको, तापातून उठल्या, पण पाणी पिईनात. उकळलेलं, फिल्टरचं, सगळं थुंकून टाकायच्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत प्यायल्या नाहीत तर दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागेल. वहिनींना दवाखान्याची भारी धास्ती. “माहेरच्या विहिरीचं द्या,” एवढंच पुटपुटल्या. माहेर घोटीकडचं.

मी तात्यांना बाजूला घेतलं. “अहो, नळाचंच भरा आणि घोटीचं म्हणून द्या. इतक्या अशक्तपणात त्यांना काय कळणार?”

“तिला नाही कळणार वहिनी. मला कळेल.”

आणि पंचाहत्तरीचा माणूस कॅन घेऊन भर उन्हात एस.टी.ने घोटीला गेला.

चार वाजता परतले. पाणी उकळलं, परातीतल्या गार पाण्यात भांडं ठेवून निववलं, पेल्यात ओतलं. वहिनींनी एक घोट घेतला. थांबल्या. मग दुसरा, तिसरा, अर्धा पेला संपला.

उरलेला पेला त्यांनी पुढे केला. “अहो, तुम्ही सकाळपासून काही प्यायलात का?”

तात्यांनी मान हलवली. नाही. मग वहिनींच्या शेजारी बसून तो उष्टा पेला हळूहळू संपवला.

मी गुपचूप दार ओढून घेतलं.