मागच्या सीटचे गणोजीअण्णा

आमच्या गल्लीत कुणी गाडी आणली की लोक ती पुढून बघतात. रंग बघतात, बंपरचे पोचे मोजतात, किती पळालीय ते विचारतात. गणोजीअण्णा मागचं दार उघडतात, आत वाकतात आणि डोळे मिटून सीटमध्ये कोपर खुपसतात. मग नाडी बघून झालेल्या वैद्याच्या चेहऱ्याने विचारतात, "मागे कोण बसणार?"

मी माझी पंधरा वर्षं जुनी गाडी विकत घेऊन आणली तेव्हा बंगळुरात बनशंकरीला राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. सकाळी खाली आले तर एक पांढऱ्या मिशांचे, सत्तरीचे गृहस्थ माझ्या गाडीत कमरेपर्यंत शिरलेले. मी चोर चोर म्हणून ओरडणारच होते. त्यांनी मागे न बघताच प्रश्न टाकला. मी म्हटलं, "कुणी नाही. लॅपटॉपची बॅग."

ते बाहेर आले आणि दोन दिवसांच्या उपाशी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघत राहिले.

अण्णा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या जुन्या गाड्यांना कव्हरं निवडून देणं हा त्यांचा बिनपगारी उद्योग आहे. त्यांचं मराठा घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांचं. "आमचे पूर्वज घोड्यावर बसून या गावात आले, अक्का. बैठक आमच्या रक्तात आहे," असं ते पहिल्या भेटीतच सांगतात. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतो, याची आता सवय झाली.

पुढच्याच रविवारी ते मला जे. सी. रोडवर घेऊन गेले. तिथे गाडीच्या सामानाची दुकानंच दुकानं. अण्णांना लांबून येताना बघूनच दुकानदार अन्वरभाईंनी काउंटरवरचं काळं-लाल चकचकीत रेग्झिन खाली सरकवलं. मला ते नेमकं आवडलं होतं.

"डिझाईन बेडा, अक्का," अण्णा म्हणाले. बेडा म्हणजे नको. "ऊन लागलं की चटका, घाम आला की चिकटणार. कापडी घ्या. स्वस्त आहे, धुता येतं."

"मग हे तयार घेऊ?"

"सरी, घाला की!" सरी म्हणजे ठीक, पण अण्णांनी हात झटकले. अन्वरभाई हसू दाबत म्हणाले, "मॅडम, आपकी गाडी पुरानी है।" मग कळलं. माझ्या गाडीच्या पुढच्या सीटला डोकं टेकायची उशी अंगचीच आहे आणि तयार कव्हरात त्या उशीची टोपी वेगळी येते. ते चढवलं असतं तर थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घातल्यासारखं लोंबलं असतं. शिवून घेणंच भाग होतं. मी म्हटलं, पुढच्या दोनच शिवा, मागचं राहू द्या.

अण्णा स्टुलावर बसले. "मागे कुणीच नाही? आई, मावशी, कुणी?"

मग मला सांगावं लागलं. आई सोलापूरला असते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून माकडहाडावर आपटली, तेव्हापासून फार वेळ बसता येत नाही. रेल्वेत आडवं पडता येतं, पण गाडी उतरवते के. आर. पुरमला. तिथून बनशंकरी म्हणजे सगळं शहर पार करायचं, दोन तास बसून. म्हणून ती येतच नाही. दर वेळी म्हणते, पुढच्या वर्षी बघू. मला ती यायला हवी होती. घर घेतलं तेही तिला दाखवता आलं नव्हतं.

"फोन लावा," अण्णा म्हणाले.

दुकानातूनच व्हिडिओ कॉल झाला. आई नुकती पोळ्या करून उठली होती. अण्णांनी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "बाईसाहेब, माकडहाड डावीकडे दुखतं की उजवीकडे? जरा वळून दाखवता का?"

आईने फोन कट केला.

मी पुन्हा लावला, तर आई म्हणाली, "कोण गं तो वात्रट म्हातारा?" मी समजावून सांगितलं. अर्ध्या तासाने, खूप आढेवेढे घेऊन, ती फोनपुढे पाठमोरी न होता लाकडी स्टुलावर बसली. अण्णांनी वीत लावून हवेतच मापं घेतली. अन्वरभाईंनी मागच्या सीटच्या डाव्या बाजूला नवा स्पंज घातला, माकडहाड टेकतं त्या जागी वाटीएवढा कापून काढला आणि वर कापड मुद्दाम सैल शिवलं.

गाडीत नीट बसता येईल एवढंच मी सांगितलं आणि आई यायला तयार झाली. मी आठ दिवस घर आवरत होते.

स्टेशनवर अण्णाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आई डाव्या दाराने आत बसली. बसल्या बसल्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मग ती अलगद सरकत सरकत उजव्या टोकाला गेली आणि पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली.

दहा मिनिटांत ट्रॅफिकमध्ये अडकलो. माझ्या शेजारी बसलेले अण्णा घामाघूम झाले होते. मागे बघायचे, तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे. फोन कट झाल्याची धास्ती होती. शेवटी म्हणाले, "अक्का, स्वल्प बाजूला घ्या."

गाडी थांबताच उतरून त्यांनी मागचं दार उघडलं. "बाईसाहेब, तुम्ही इकडे का नाही बसत?"

आई संकोचली. "काही नाही हो. तिथली गादी जरा बसलीय. जुनी गाडी, चालायचंच की. पोरीला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

"बसलेली नाही," अण्णा म्हणाले. "कापलीय. तुमच्यासाठीच कापलीय."

आईने एकदा त्यांच्याकडे, एकदा सीटकडे बघितलं आणि सरकून डावीकडे आली. थोडी हलली, मागे टेकली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली. अर्ध्या तासात तिची मान कलली.

मग अण्णा समोर बघत हळू आवाजात बोलायला लागले.

"माझीपण गाडी होती, अक्का. चकचकीत रेग्झिन मीच निवडून घातलेलं. घरची आजारी पडली, दर आठवड्याला मागे बसवून दवाखान्यात नेत होतो. कसं आहे विचारलं की म्हणायची, फार छान. ती गेल्यावर गाडी विकायला काढली, कव्हर उतरवलं. खाली स्प्रिंग वर आलेली. त्यावर तिचं जुनं लुगडं, आठ घड्या घालून. मला हौस होती ना कव्हराची. एकदाही बोलली नाही."

मी काचेवरून उगाच वायपर फिरवला.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो. मी वळायला लागले तर अण्णांनी हाताने थांबवलं. "घराकडे नको. उठतील. देवळाला एक फेरी घाला."

बनशंकरीच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांनी आम्ही एक फेरी घातली, मग दुसरी. फुलवाल्या बायका बघायला लागल्या होत्या. तिसऱ्या फेरीला अण्णा मागे वळून सीटवर जवळजवळ गुडघ्यांवर बसले होते.

"अक्का," ते कुजबुजले, "बाईसाहेब घोरतायत."

आणि रुमालात तोंड लपवून ते खुदकन हसले.